रोग रेड्याला, रोबोट पखालीला

रोबोट बनवायचा असेल तर जरूर बनवा. पीव्हीसी पाइपचा सांगाडा, चार मोटारी, एक रास्पबेरी पाय, पुढे कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या पुढे मासा पकडायला चिमटा किंवा टोचायला सुई. संभाजीनगरात हे जमण्यासारखं आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या एमआयडीसीत लेथवर हव्या त्या मापाचं झाकण कातून देणारे कारागीर आहेत, शहरात अभियांत्रिकीची भरपूर कॉलेजं आहेत, आणि यूट्यूबवर पाहून पाण्याखालचा रोबोट जोडणाऱ्या पोरांना आता कुणी वेड्यात काढत नाही. माझं भांडण रोबोटशी नाहीच. भांडण आहे ते त्याच्याशेजारी टांगलेल्या पोस्टरशी. इथल्याच एका कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात मी ते वाचलं: 'जायकवाडी जलाशयातील आक्रमक परदेशी माशांचे निर्मूलन'.

निर्मूलन! टाळ्या पडल्या, प्रमुख पाहुण्यांनी रोबोटसोबत फोटो काढला, रीलवर बदामांचा पाऊस पडला. एकाही परीक्षकानं विचारलं नाही की बाबांनो, हे मासे तिथे आले कुठून आणि आजही ते कोण सोडतंय?

जुनी म्हण आहे, रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवर लादायची पाण्याची कातडी पिशवी. रेडा तापानं फणफणलाय आणि वैद्यबुवा पिशवीला सुई टोचताहेत. आपला मासेमार रोबोट नेमकं हेच करतोय, फक्त त्याची सुई सर्व्हो मोटारवर चालते.

आधी त्या पोरांच्या बाजूनं बोलू, कारण कल्पना त्यांनी हवेतून काढलेली नाही. अटलांटिकमध्ये लायनफिश नावाचा विषारी काट्यांचा, दिसायला अतिशय देखणा मासा माजलाय. तो मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. फ्लोरिडाजवळ त्याची पहिली नोंद १९८५ ची, आणि संशय घरगुती मत्स्यपेट्यांवर. हौसेनं पाळला, कंटाळा आला, दिला समुद्रात सोडून. आता तो कॅरिबियनमधल्या प्रवाळांवरची पिल्लं गिळत सुटलाय. घर झाडणारा 'रूम्बा' रोबोट बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या कॉलिन अँगल यांनी यावर एक संस्था काढली आणि २०१७ मध्ये बर्म्युडाला 'गार्डियन एलएफ १' नावाचा रोबोट पाण्यात उतरवला. तो माशाजवळ जातो, दोन पत्र्यांच्या मधून विजेचा झटका देतो आणि बधिर झालेला मासा नळीत ओढून घेतो. त्याआधी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तंत्रज्ञान विद्यापीठानं 'कॉट्सबॉट' केला होता. ग्रेट बॅरिअर रीफवरचे प्रवाळ कुरतडणाऱ्या काटेरी तारामाशाला ओळखून सुई टोचणारा. आणि घरच्या घरी रोबोट बनवण्याबद्दल बोलायचं तर एरिक स्टॅकपोल आणि डेव्हिड लँग या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये सुरू केलेला 'ओपनआरओव्ही' आहेच. २०१२ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे केले आणि सगळे आराखडे इंटरनेटवर फुकट टाकले. आज आपल्याकडचं कुणीही पोर पाण्याखालचा रोबोट बनवतं त्यात या मंडळींचा वाटा आहे.

पण लायनफिश जागचा हलत नाही. त्याला तिथे खाणारं कुणी नाही, त्यामुळे त्याला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही. रोबोट समोर आला तरी तो पंखे पसरून तरंगत राहतो. तारामाशाबद्दल तर बोलायलाच नको, तो चालला तरी कळत नाही. आणि दोन्हीकडे पाणी असं की वीस-वीस मीटरवरचं दिसावं. एवढी अनुकूल परिस्थिती असूनही लायनफिशला आवर घालायचं मुख्य काम आजही भालेवाले पाणबुडे, त्यांच्या शर्यती आणि तो मासा ताटात वाढणारी हॉटेलंच करताहेत. रोबोट व्हिडिओत जास्त दिसतो.

आता पैठणला या.

नाथसागर पूर्ण भरला की त्याचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर होतो. तुमचा रोबोट सेकंदाला अर्धा मीटर वेगानं जातोय, त्याला दोन्ही बाजूंचं मिळून दोन मीटर रुंद पट्ट्यातलं दिसतंय आणि तो दिवसाचे आठ तास न थकता काम करतोय असं धरू. म्हणजे दिवसाला १४ हजार ४०० मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्टा. हे झाले २८ हजार ८०० चौरस मीटर. भागाकार करा. अख्खा जलाशय एकदा पाहून व्हायला १२ हजारांहून जास्त दिवस, म्हणजे तेहतीस वर्षं लागतील. तेही एकाच खोलीवरचं, आणि मासे आपापल्या जागी हजेरी देत उभे राहिले तर. शिवाय पावसाळ्यात गोदावरीचं पाणी चहासारखं असतं. कॅमेऱ्याला स्वतःचा चिमटा दिसला तरी पुष्कळ.

पाण्याखाली वायफाय हातभर अंतरात मरतं, जीपीएस तर पोहोचतच नाही. म्हणून रोबोटला शेपटीसारखी केबल लावावी लागते. नाथसागरात सगळीकडे मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात. ही केबल आणि तुमचे पंखे त्या जाळ्यात गुंतले की रोबोट गेला. त्याचं दुःख नाही, पुढच्या सेमिस्टरला दुसरा बनेल. ज्याचं जाळं फाटलं त्यानं काय करायचं? आणि थोडी भौतिकीची उजळणी: दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. वीस मीटरवर तुमच्या दहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर दीडशे किलोंहून जास्त भार येतो. ज्या पोरांनी हे झाकण न गळता वीस मीटर खाली नेलं, त्यांना माझा सलाम. हे खरंच अवघड काम आहे आणि कौतुक करायचं तर याचं करावं.

राहिला मासा. तिलापिया, मच्छीमारांच्या तोंडची चिलापी. ही लायनफिशसारखी समोर येऊन उभी राहत नाही. अंगावरच्या रेषेतल्या संवेदनेनं तिला तुमच्या मोटारीची थरथर आधीच कळते. मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लं निघाली तरी धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. काही महिन्यांत वयात येते, उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा पिल्लं देते. आणि खोच अशी की गर्दी झाली की ती लहान आकारातच वयात येऊ लागते. मोठ्या चिलाप्या वेचून मारल्या तर उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं आणि त्या जोमानं वाढतात. तुमचा रोबोट दिवसाला दहा मारेल. तोवर एका मादीच्या तोंडातून शेकड्यानं बाहेर पडलेली असतील.

हे झालं गणित. पण गणित चुकलंय म्हणून हा लेख लिहायला घेतलेला नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. चिलापी पोहत आलेली नाही. ती आफ्रिकेतली. १९५२ मध्ये आपण ती भारतात आणली, सरकारी खर्चानं, स्वस्त प्रथिनं मिळावीत म्हणून. हेतू चांगलाच होता. ती तळ्यांत माजते हे लक्षात आल्यावर १९५९ मध्ये तिच्या प्रसाराला बंदी घातली. तोवर ती देशभर गेली होती. मग २००९ मध्ये सुधारित जातीच्या तिलापियाच्या शेतीला अटी घालून परवानगी दिली. आणली, अडवली, पुन्हा बोलावली. १९५९ सालीच चंदेरा आणि गवत्या हे मासेही परदेशातून आणले गेले. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी घुसखोर जातींची यादी केली आहे. तिच्यात आपली ही मोझांबिकची चिलापी आहे, आपण सायप्रिनस म्हणून आवडीनं खातो तो कॉमन कार्प आहे, आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणलेला गॅम्बुसियाही आहे. तिघांनाही दार आपणच उघडलं.

गॅम्बुसियापाशी जरा थांबू, कारण इथे ही गोष्ट थेट तुमच्या-माझ्या गच्चीवर येते.

२०२१ मध्ये ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि इटलीतल्या संशोधकांनी मिळून एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बास नावाच्या शिकारी माशाच्या रूपाचा रोबोट बनवला आणि गॅम्बुसियाच्या टाकीत सोडला. हा रोबोट कुणाला मारत नव्हता, फक्त भीती घालत होता. त्या धास्तीनं गॅम्बुसियाचं वजन घटलं, प्रजननक्षमता घटली, आणि त्याच टाकीतल्या बेडकांच्या पिल्लांचा छळ कमी झाला. प्रयोगशाळेतल्या टाकीत झालेलं काम आहे, तळ्यात अजून कस लागायचाय, पण डोकं लावून केलेलं आहे.

आता बघा. तिकडे ज्या माशाला घाबरवायला रोबोट बनवताहेत, त्याच कुळातला गप्पी मासा आपण बादलीतून नाल्यात ओततो. डेंग्यू-हिवतापाच्या मोसमात राज्यातल्या महापालिका आणि जिल्हा परिषदा गप्पी मासे सोडण्याच्या मोहिमा काढतात, आपलीही त्यात आली. डास नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गप्पी आणि गॅम्बुसिया या दोघांनाही मान्यता आहे. विहिरीत सोडले, हौदात सोडले, डबक्यात सोडले, पेपरात फोटो आला. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. तो पिल्लं घालतो, अंडी नाही, आणि मादी नराचं बीज महिनोन्‌महिने पोटात साठवून ठेवते. म्हणजे नवी वसाहत वसवायला एक मादी पुरते. घाण पाण्यात तो मजेत जगतो. त्यामुळे नाला म्हणजे त्याच्यासाठी महामार्गच.

या शहरात गप्पीची एवढी गरज का पडते? कारण नळाला पाणी वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येतं. धरण पन्नासेक किलोमीटरवर आणि पाणी ड्रममध्ये! प्रत्येक गच्चीवर, जिन्याखाली, मोरीत साठवण. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. मग आरोग्य विभाग सांगतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा. आठ दिवसांचं पाणी कोण ओतून देणार हो? कुणीच देत नाही. म्हणून गप्पी. ड्रम कधीतरी धुतला जातो, गप्पी गटारात, गटार नाल्यात, नाला खाम नदीत आणि खाम जाते नाथसागरात. तिथलंच पाणी उपसून आठवड्यानं पुन्हा त्याच ड्रममध्ये येतं. १६८० कोटींची पाणी योजना २७४० कोटींवर गेली. ज्या शहराला चार शतकांपूर्वी मलिक अंबरनं खापरी नळांतून डोंगरातलं पाणी घरोघरी खेळवून दिलं होतं, त्या शहरानं डासांसाठी दक्षिण अमेरिकेतला मासा पाळायचा आणि मग तो मारायला रोबोट बनवायचा?

या साखळीत रोबोट नेमका कुठे बसवणार आहात? जलवाहिनी वेळेत पूर्ण झाली आणि रोज तासभर पाणी आलं, तर खाममधून नाथसागरात जाणारे गप्पी जितके कमी होतील तितके जगातल्या कुठल्याही यंत्रानं होणार नाहीत. आणि मासेच हवे असतील तर आपल्या ओढ्यांतले आहेत. डोक्यावर चकचकीत ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा अॅप्लोचायलस डासांच्या अळ्या आनंदानं खातो. तो इथलाच आहे. त्याची पैदास करायला विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातली मुलं आणि चार सिमेंटच्या टाक्या पुरतील. पण त्यात सर्व्हो मोटार नाही, मग प्रदर्शनात पहिला नंबर कसा येणार?

दुसरी साखळी दुकानातून सुरू होते. मत्स्यपेटी घेतली की दुकानदार सोबत एक काळपट, ठिपक्याठिपक्यांचा, काचेला तोंडानं चिकटणारा मासा देतो. सकर. 'हा टाकी साफ ठेवतो.' पिल्लू असतं तेव्हा बोटाएवढं. मग ते फूट-दीड फूट होतं, अंगावर चिलखतासारखी कवचं येतात, आणि आपल्या मायाळू घरातलं कुणीतरी म्हणतं, मारायचा कशाला, तळ्यात सोडून या, पुण्य लागेल. हे पुण्य उजनीच्या मच्छीमारांना लागलं. त्यांच्या जाळ्यात हा सकर येऊ लागला. तो बाजारात विकला जात नाही, काट्यांनी जाळं फाडतो, काठात बिळं करतो आणि पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो.

उजनी भीमेवर, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात. नाथसागर गोदावरीवर. नकाशा उघडून बघा, उजनीतल्या माशाला पोहत नाथसागरात यायला वाटच नाही. तो येणार तर टेम्पोतून, पिशवीतून, प्लॅस्टिकच्या डब्यातून, मोटरसायलच्या हँडलला लटकून येणार. चिलापीचंही बरचसं असंच. मत्स्यबीजाच्या ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या येतात, त्यांत रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांबरोबर दुसरंही काही आलं तर ते निवडायला पिशवी कोण ओतून पाहतं? घुसखोर मासा रस्त्यानं येतो आणि आपण पाण्यात पहारा बसवतोय.

कायदा नाही असंही नाही. आफ्रिकी मांगूरवर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो तळ्यांत पाळला जातो आणि अधूनमधून टनांनी पकडून पुरला जातो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणं, सोडणं यांवर नियंत्रण आणायचा अधिकार केंद्राला मिळाला. चांगली गोष्ट. पण व्याख्येत 'परकीय' म्हणजे भारतात मूळ नसलेली. म्हणजे उत्तरेतल्या नद्यांतला रोहू नि मृगळ लाखांनी दख्खनच्या धरणात सोडले तर ते कायद्याच्या लेखी घरचेच. गोदावरीला मात्र देशाची सीमा कळत नाही, तिला खोरं कळतं. तुमच्या रोबोटला 'घुसखोर' ओळखायला शिकवताना तुम्ही रोहूला कुठल्या रकान्यात टाकणार? हा प्रश्न मी त्या प्रदर्शनातल्या पोरांना विचारला. ती एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, "सर, डेटासेटमध्ये रोहू 'गुड' आहे." बिचाऱ्याचा दोष नाही, आपल्या सगळ्यांच्याच डेटासेटमध्ये तो गुड आहे.

मला सगळ्यात खटकतं ते हे की या सगळ्या चर्चेत मच्छीमार कुठेच नाही. पैठण आणि काठच्या गावांतले कहार आणि भोई समाजाचे लोक या पाण्यावर जगतात. १९७६ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं, १९८६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं, आता त्यावर तरंगते सौर पॅनेल येणार आहेत. त्याविरुद्ध पैठणचा कहार समाज हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये तिथेही हरला. मरळ कमी झाली, वांब कमी झाली, हे त्याला कुणी शोधनिबंधातून सांगायला नको, त्याच्या पाटीत ते दिसतं. चिलापीचा त्याला रागही आहे आणि आधारही आहे, कारण भाव कमी असला तरी रोज संध्याकाळी घरी काहीतरी नेता येतं ते तिच्यामुळेच. तुमचा रोबोट सुई टोचून जी चिलापी तळाला पाडणार, ती त्याच्या पोराच्या फीचे पैसे आहेत. विषानं मेलेला मासा ना खायचा ना विकायचा, पाण्यात कुजायचा. आणि अभयारण्यात मासे मारणारं यंत्र सोडायला परवानगी लागते हेही त्या पोस्टरवर कुठे नव्हतं.

मासे मारायचं यंत्र नाथसागराकडे आधीच आहे. त्याला जाळं म्हणतात. त्याला बॅटरी लागत नाही, ते टनांनी मासे काढतं आणि काढलेला मासा कुणाच्या तरी कालवणात जातो. चिलापी खरंच कमी करायची असेल तर तिला भाव द्या. तिचं सुकट, तिचे फिले, कुक्कुटखाद्य, आश्रमशाळांच्या आहारात तिचा समावेश, काहीही करा, पण मच्छीमाराला पिल्लंटिल्लं न मारता मोठ्या आसाच्या जाळ्यानं चिलापी काढणं परवडेल असं करा. मग बघा, मोहीम काढावी लागते का. (यात एक खोच आहे, ती लपवत नाही: भाव फार चढला तर कुणीतरी ती मुद्दाम सोडायला लागेल. म्हणून दुसरीकडे बीजाच्या पिशव्या उघड्या जागी, सगळ्यांसमोर ओतून मोजायला हव्यात.)

इतकं ऐकल्यावर कुणीतरी म्हणणारच, अहो, पोरं मोबाइलवर गेम खेळण्यापेक्षा काहीतरी बनवताहेत तर त्यांचे पाय का ओढता? पाय ओढत नाही. उलट माझं म्हणणं असं की या पोरांना आपण फार स्वस्तात सोडतोय. त्यांनी सोपा प्रश्न उचलला आणि आपण टाळ्या वाजवल्या. अवघड प्रश्न वेगळा आहे, आणि तो त्यांना झेपण्यासारखा आहे.

रोबोटची सुई काढा, कॅमेरा ठेवा. कोचीच्या आयरोव्ह कंपनीनं २०१८ मध्ये भारतीय बनावटीचा पाण्याखालचा ड्रोन आणला. तो कुणाला मारत नाही. धरणाच्या भिंती, पुलांचे खांब, बंदरांचे धक्के पाण्याखालून पाहतो आणि काय पाहिलं ते सांगतो, एवढ्यावर त्याचा धंदा चालतो. नाथसागरालाही पाहणारं यंत्र हवंय. गढूळ पाण्याची अडचण आहे, पण तिला उपाय आहे: कॅमेऱ्याच्या पुढे स्वच्छ पाणी भरलेली पारदर्शक पेटी बसवायची आणि ती पेटी माशाच्या जवळ न्यायची. मग कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये गढूळ पाण्याचा पातळ थरच उरतो. हिवाळ्यात गाळ खाली बसल्यावर हे आणखी सोपं. त्याहूनही स्वस्त प्रकार म्हणजे रोबोटच न करता कॅमेरा स्टँडवर लावून, समोर पिशवीत आमिष बांधून तळाशी ठेवायचा आणि तासाभरात कोणकोण येऊन गेलं ते मोजायचं. जगभरचे सागरी संशोधक हे करतात. पंखे नाहीत, त्यामुळे जाळ्यात गुंतायला काही नाही.

फोटो निघाले की खरं काम सुरू होईल. कॉट्सबॉटला तारामासा ओळखायला शिकवताना हजारो चित्रं लागली होती. नाथसागरातल्या बोटभर चिलापीला बोटभर रोहूपासून वेगळं ओळखायचं तर नाथसागरातलेच फोटो हवेत, आणि त्यांवर नावं लिहायला मच्छीमारच हवा. त्याला त्या कामाचे पैसे द्या, तासावर, तुमच्या प्रोजेक्टच्या बजेटमधून. त्याच्या तोंडचं नाव आधी लिहा, लॅटिन नाव नंतर. मग तुमच्या हातात असं काहीतरी असेल जे पुण्यातल्या, मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजकडे नाही.

हे सगळं अवघड वाटत असेल तर आणखी सोपं सांगू. चिलापीचा नर उथळ पाण्यात तळाला तोंडानं वाटीसारखा गोल खड्डा खणतो आणि मादीला तिथे बोलावतो. एकेका ठिकाणी असे खड्डे शेजारी शेजारी, चाळीत खोल्या असाव्यात तसे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की हे खड्डे उघड्या गाळावर वाळलेले दिसतात. मोजायला पाण्यात उतरायचीही गरज नाही. एक फोन, एक मोजपट्टी, टोपी, पाण्याची बाटली आणि काठच्या गावातला कुणीतरी सोबत. शंभर मीटर काठावर किती खड्डे, केवढे रुंद, पाण्याच्या जुन्या रेषेपासून किती खाली, आणि जागेचा पिन. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा. दोन वर्षांत कळेल की चिलापी कुठे विणते, आणि पुढच्या हंगामात मच्छीमार सोसायटीला सांगता येईल की या उथळ पट्ट्यांत या महिन्यात जाळी आधी लावा.

मे महिन्यात परीक्षा संपलेल्या असतात. पैठणला मध्यवर्ती स्थानकावरून एसटी जाते. सकाळी सहाच्या आत निघा, दहानंतर गाळावर उभं राहवत नाही.